कर्ता हरवलेली वाक्ये

'आय अ‍ॅम डिरेक्टेड' या शब्दांनी सुरू होणारे पत्र ज्याने कधी पाहिले नाही असा मनुष्य सरकारी नोकरीत सापडणे कठीण. सरकारशी ज्याचे कधी काम पडले आहे अशा नागरिकांतही तो विरळाच. 'मला असे कळविण्याचा आदेश आहे की', हा त्याचा अर्थ. पत्राऐवजी कार्यालयीन ज्ञापन असेल तर हा 'मी'सुद्धा उरत नाही. तेथे 'खाली सही करणाऱ्यास सांगण्याचा आदेश आहे' असे तृतीयपुरुषी वळण येते. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत दोन्हींचे नमुने दिलेले आहेत. त्यामागील तर्कही समजण्याजोगा आहे. सही अवर सचिवाची असली तरी बोलणारे सरकार आहे, हे वाचणाऱ्यास कळावे. तर्काविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या वळणाच्या आडोशाने आपल्या कार्यालयीन इंग्रजीत जे काही दडून बसते, त्याविषयी.

या तीन शब्दांवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हकीकत मुंबईची आहे. गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरी येथे चित्रपटगृह बांधावयाचे होते. परवानगी देण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार नियमांनी मुंबईच्या पोलीस आयुक्तांना दिलेला होता. जुलै १९४७ मध्ये आयुक्तांनी परवानगी दिली. पुढे विरोध झाला, प्रकरण सरकारकडे गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयुक्तांच्या सहीचे दुसरे पत्र भानजींना मिळाले. दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे असे आपणांस कळविण्याचा मला सरकारचा आदेश आहे, एवढाच त्याचा आशय होता. भानजी न्यायालयात गेले. तेव्हा आयुक्तांच्या वतीने प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन सांगण्यात आले की हा आदेश खरोखर आयुक्तांचाच होता, सरकारचा नव्हता.

नोव्हेंबर १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. बोस हे आपल्या नागपूरचे. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि सरळ, स्वच्छ इंग्रजी लिहिणाऱ्या भारतीय न्यायाधीशांत मी त्यांना फार वरचे स्थान देतो. त्यांनी पत्राची भाषा जशी होती तशी वाचली. पत्र म्हणते की आदेश सरकारचा आहे आणि आयुक्त तो पोहोचवीत आहेत. मग आयुक्त येथे केवळ निरोप्या ठरतात. कायद्याने मात्र निर्णय आयुक्तांनी स्वतः विचार करून घ्यावयाचा होता, आणि सरकारला तो अधिकारच नव्हता. म्हणजे परवानगी रद्द करण्याचा निर्णय ज्याने घ्यावयाचा त्याने तो घेतलाच नव्हता. लिहिताना आमच्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून उपयोग नाही, सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावला जाईल, हे तत्त्व या निकालाने घालून दिले. १९७७ साली मोहिंदर सिंग गिल यांच्या निवडणूक खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचाच आधार घेतला आणि तेव्हापासून प्रत्येक सेवाविषयक दाव्यात वकील या दोन्ही निकालांचा हवाला देत आले आहेत. कृष्ण अय्यरांचे स्वतःचे इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवून वाचावे लागते, ही गंमत वेगळी.

प्रशिक्षण संस्थांमध्ये हा निकाल प्रशासकीय कायद्याच्या तासाला शिकवितात. मला तो भाषेच्या तासाला शिकविण्याजोगा वाटतो. अंधेरीच्या पत्रातील इंग्रजी दुर्बोध नव्हते. एकही अवघड शब्द त्यात नव्हता. तरीही निर्णय कोणी घेतला या प्रश्नाचे उत्तर त्या पत्राने चुकीच्या माणसाच्या नावावर टाकले. सोपे इंग्रजी म्हणजे लहान शब्द आणि आखूड वाक्ये अशी एक समजूत आहे. कार्यालयीन लेखनापुरते तरी मला ते दुय्यम वाटते. कोण काय करणार आणि केव्हापर्यंत, हे वाक्यातून कळते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. 'असे ठरविण्यात आले आहे', 'असे निदर्शनास आले आहे', 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी', या वाक्यांना क्रियापद आहे पण कर्ता नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष आहेत. काम करू पाहणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ती अर्धी आहेत.

कर्ता हरवतो का, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास फारसे अवघड वाटू नये. संदिग्ध लिहिण्याचा लाभ लिहिणाऱ्यास मिळतो आणि खर्च वाचणाऱ्यावर पडतो. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या अंगणात जावा तसाच हा प्रकार. समजा, एक परिपत्रक ४०० कार्यालयांना गेले, प्रत्येक ठिकाणी पाच जणांनी ते वाचले आणि अर्थ लावण्यात प्रत्येकाची दहा मिनिटे अधिक गेली. हिशेब २०,००० मिनिटांचा, म्हणजे आठ तासांचा दिवस धरल्यास चाळीसहून अधिक दिवसांच्या श्रमाचा होतो. मसुदा आणखी अर्धा तास घासून हा खर्च वाचविता आला असता, पण तो अर्धा तास लिहिणाऱ्याच्या खात्यातून जाणार होता. शिवाय त्या पाचांपैकी दोघे स्पष्टीकरण मागविणारी पत्रे लिहितात, त्यांना उत्तरे जातात, आणि मग 'स्पष्टीकरणाचे स्पष्टीकरण' नावाचा एक साहित्यप्रकार जन्मास येतो, तो वेगळाच.

पण केवळ आळस म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. अधिकाऱ्याची भीती खरी असते. फाइलवर 'मी असे सुचवितो' असे लिहिणारा माणूस पाच वर्षांनी लेखापरीक्षणासमोर, दहा वर्षांनी दक्षता चौकशीसमोर उभा राहू शकतो, आणि तेव्हा ज्या परिस्थितीत निर्णय घेतला ती परिस्थिती कोणाला आठवत नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये २०१८ पर्यंत एक उपखंड असा होता की सार्वजनिक हिताशिवाय कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला एवढ्यावरही गुन्हा उभा राहू शके. २०१८ च्या दुरुस्तीने तो वगळला आणि अधिकृत कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयांच्या तपासापूर्वी पूर्वमान्यतेची अट कलम १७-अ ने आणली. कायदा बदलला तरी हाताला लागलेली सवय इतक्या लवकर सुटत नाही. 'इट इज फेल्ट' असे लिहिणाऱ्या हाताला आपण नक्की काय टाळीत आहोत हे ठाऊक असते. वाटले कोणाला, हे वाक्य सांगत नाही, आणि त्याने ते सांगू नये हीच लिहिणाऱ्याची इच्छा असते.

हे इंग्रजीचेच पाप आहे असे मराठी वाचकाने मानू नये. 'आपणांस कळविण्यात येते की' हे आपले मराठी शासकीय वाक्य त्याच साच्यातून निघालेले आहे. भाषा संचालनालयाने परिभाषेचे कोश केले, ते कष्टाचे काम होते आणि त्यातील पुष्कळ शब्द आज आपल्या तोंडी सहज बसले आहेत. आचार्य अत्र्यांनी 'पदनाम कोशा'ला 'बदनाम कोश' म्हटले, ते शब्दांच्या बोजडपणावरून. माझी तक्रार शब्दांपेक्षा वाक्याच्या रचनेविषयी आहे. शब्द बदलले, सांगाडा 'आय अ‍ॅम डिरेक्टेड'चाच राहिला. त्याच्या आधीचे मराठी असे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. आरमारासाठी लाकूड हवे तेव्हा कोणती झाडे तोडावीत, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली असल्यामुळे त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावे, हे त्यात इतक्या थेटपणे सांगितले आहे की हुकूम कोणाला, मनाई कशाची आणि कारण काय याविषयी शंका राहत नाही. तीनशे वर्षांनंतरही त्याची अंमलबजावणी करता येईल असे ते गद्य आहे.

इंग्लंडातही हा रोग जुना आहे. युद्ध ऐन भरात असताना, ऑगस्ट १९४० मध्ये, चर्चिल यांनी मंत्रिमंडळाच्या सहकाऱ्यांसाठी अहवाल आखूड लिहा असे सांगणारे टिपण काढले. ते टिपण स्वतः एका पानाचे होते. युद्धानंतर ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्‌स' लिहिले. गॉवर्स यांच्या सुरुवातीच्या नोकरीचा काही काळ लंडनच्या इंडिया ऑफिसात गेला होता. केन्सही १९०६ ते १९०८ तेथेच होते. गॉवर्सचे पुस्तक आजही वाचनीय आहे आणि माझ्या टेबलावर असते. परंतु एक भेद लक्षात ठेवावा लागतो. गॉवर्स ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांची मातृभाषा इंग्रजी होती, आणि त्यांचे वाचकही तेच बोलत.

आमची गोष्ट निराळी आहे. मी चेन्नईत काम करतो. माझ्या शाखेत टिपणी तयार करणाऱ्याची मातृभाषा तमिळ आहे, ती तपासणाऱ्याची मल्याळम, माझी मराठी, आणि दिल्लीत ती ज्यांच्यासमोर जाणार त्यांची हिंदी. चौघांनाही इंग्रजी उत्तम येते. तरी ते चौघांनीही पाठ्यपुस्तकातून आणि जुन्या फायलींतून उचललेले आहे, आईच्या तोंडून नव्हे. अशा वेळी अलंकार आणि वाक्प्रचार मध्येच कोठेतरी गळून पडतात, आणि पोहोचते ते फक्त कर्ता, कर्म, क्रियापद, आकडा व तारीख. म्हणून साध्या इंग्रजीची गरज लंडनपेक्षा चेन्नईला अधिक आहे असे माझे मत आहे. येथे ती चार भाषांमधली वाहतूक व्यवस्था आहे.

मद्रास इलाख्याला कागदांच्या शिस्तीची परंपराही आहे. टॉटनहॅम नावाच्या सनदी अधिकाऱ्याने येथील जिल्हा कार्यालयांसाठी जी पद्धत बसविली ती 'टॉटनहॅम पद्धत' म्हणून ओळखली जाते. पुढे हे गृहस्थ पुदुकोट्टै संस्थानाचे प्रशासक झाले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक कागदाला चालू क्रमांक, पत्रव्यवहार वेगळा आणि टिपणी वेगळी, प्रत्येक कारकुनाची स्वतःची नोंदवही असे. कागद निकाली निघाला की आर.डिस., डी.डिस., एल.डिस. अशा खुणेवरूनच तो किती काळ जपावयाचा हे कळे. कागद कोणाच्या टेबलावर आहे, हे टॉटनहॅमच्या पद्धतीत कधीही लपत नाही. त्या कागदातील वाक्य कोणाचे, हे मात्र कोणतीही नोंदवही सांगू शकत नाही.

माझे बिऱ्हाड वेस्ट मांबलमला आहे. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला उतरले की रंगनाथन स्ट्रीटची साड्या-भांड्यांची अफाट गर्दी, आणि पश्चिमेला आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम्, भाजीवाले, मेस, आणि जुन्या दोन-तीन मजली इमारतींतून राहणारे असंख्य निवृत्तिवेतनधारक. या भागात टंकलेखन आणि लघुलेखन शिकविणाऱ्या संस्थांच्या पाट्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. माटुंग्याला येऊन मुंबईची कार्यालये चालविणारे जे तमिळ स्टेनो आपण मराठी माणसांनी पाहिले, ते अशाच वस्त्यांतून, अशाच पाट्यांखालून निघालेले. संध्याकाळी फिरायला जाताना मला त्यांतील एक निवृत्त गृहस्थ भेटतात. एका केंद्रीय कार्यालयात त्यांनी छत्तीस वर्षे लघुलेखन केले. येथील रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो आणि ते वयाने वीस वर्षांनी मोठे असूनही मला 'सार' म्हणतात.

लांब वाक्यांचे मूळ मला मामांनी सांगितले. साहेब खोलीत येरझाऱ्या घालीत मजकूर सांगत. विचार पूर्ण झालेला नसे, म्हणून वाक्य पूर्ण होत नसे. 'इन व्ह्यू ऑफ द फोअरगोइंग', 'इन धिस कनेक्शन' ही मधली भरताड म्हणजे साहेबांना पुढचे सुचेपर्यंत घेतलेला श्वास. स्टेनोची पेन्सिल ती इमानाने टिपून घेई आणि तिसऱ्या दिवशी ती सरकारच्या धोरणाचा भाग होई. मामांच्या साहेबांपैकी एकजण मात्र निराळे होते. टंकलिखित मसुदा समोर आला की ते शब्द फारसे बदलीत नसत. समासात पेन्सिलीने एकच इंग्रजी शब्द लिहून कागद परत करीत: 'हू?' म्हणजे, कोण? 'ठरविण्यात आले', कोण? 'तपासणी करण्यात यावी', कोण? मामा म्हणाले, "सार, पहिल्या वर्षी मला त्यांचा फार राग यायचा. दुसऱ्या वर्षी मी टाइप करण्यापूर्वीच आत जाऊन विचारायला लागलो, 'यार् सार?' आणि पुष्कळदा त्यांनाच उत्तर ठाऊक नसायचे. मग ते फोन उचलायचे." त्या फोनपाशीच खरे काम होत असे, हे उघड आहे. कर्ता शोधताना बहुधा असे आढळते की निर्णय अजून कोणी घेतलेलाच नाही.

याची किंमत कोण देतो, ते पाहण्यास मला फार लांब जावे लागले नाही. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते गेल्यावर त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले. सहाव्या वेतन आयोगानंतरच्या आदेशांनुसार ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते, पंच्याऐंशीला ३० टक्के, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरीला दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. मामींचे वय त्र्याऐंशी. त्यांना ही रक्कम मिळत नव्हती. त्यांनी अर्ज केला, आणि चार महिन्यांनी एक इंग्रजी पत्र आले.

मामींना इंग्रजी येत नाही असे कोणी समजू नये. त्या रोज सकाळी 'हिंदू' पहिल्या पानापासून वाचतात आणि अग्रलेखाशी मतभेद असल्यास मला जिन्यात गाठून सांगतात. ते पत्र हातात घेऊन त्या वर आल्या आणि एकच प्रश्न विचारला, "हे हो म्हणताहेत की नाही?" पत्राचा आशय असा होता: संदर्भाधीन पत्रातील विनंतीची संबंधितांशी विचारविनिमय करून तपासणी करण्यात आली, उपलब्ध अभिलेखांच्या आधारे ती सद्यःस्थितीत मान्य करणे शक्य झालेले नाही, उपरोक्त आदेशाच्या संबंधित परिच्छेदातील तरतुदींची पूर्तता झाल्यास प्रकरणाचा पुनर्विचार करण्यात येईल. तीन परिच्छेद, दोन आदेशांचे क्रमांक, आणि एकही सूचना नाही.

मी पत्र दोनदा वाचले, आदेश काढून पाहिले, आणि अडचण काय असावी याचा तर्क केला. यजमानांच्या निवृत्तीच्या वेळच्या निवृत्तिवेतन आदेशात मामींची जन्मतारीख लिहिलेलीच नव्हती. जुन्या आदेशांत असे पुष्कळदा आढळते. पत्नीचे नाव आहे, जन्मतारीख नाही. संगणकाच्या दृष्टीने त्या बाईला वयच नाही, मग ती ऐंशी वर्षांची होणार कशी? उपाय सोपा होता. जन्मतारखेचा पुरावा द्यावयाचा, आणि ग्राह्य पुराव्यांत पॅन कार्ड आहे. मामींचे पॅन कार्ड त्यांच्या पर्समध्येच होते.

हे पत्र लिहिणारी व्यक्ती दुष्ट किंवा अडाणी नव्हती. नियम तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. तिने समोर मामींना ठेवून पत्र लिहिले असते तर ते असे झाले असते: 'आपणांस वयाच्या ऐंशीव्या वर्षापासून २० टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन मिळू शकते. आमच्याकडील आदेशात आपली जन्मतारीख नोंदलेली नाही, म्हणून आम्ही ते सुरू करू शकलो नाही. कृपया आपल्या पॅन कार्डाची, पारपत्राची किंवा शाळेच्या प्रमाणपत्राची प्रत या पत्त्यावर पाठवा. ती मिळाल्यावर आम्ही नोंद करू आणि थकबाकीसह रक्कम देऊ.' चारच वाक्ये झाली. पहिल्यात उत्तर आहे, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात मामींनी काय करावयाचे ते आणि चौथ्यात कार्यालय काय करील ते. शेवटच्या वाक्यातील 'आम्ही' लिहिण्याचे धैर्य मात्र हवे. मूळ निवृत्तिवेतन १४,००० रुपये धरले तर २० टक्क्यांचे दरमहा २,८०० होतात, त्यावर महागाई सवलत वेगळी, आणि मागची तीन वर्षे. मामींच्या घरी औषधांचे बिल येते त्या हिशेबात ही रक्कम लहान नाही. आम्ही प्रत जोडून चार ओळींचे पत्र पाठविले. थकबाकी पुढील तिमाहीत जमा झाली.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की प्रशासकीय निर्णयाने जो बाधित होतो त्याला निर्णयाची कारणे द्यावीत. कारणे 'देणे' आणि कारणे 'समजणे' यांत अंतर आहे याची दखल अलीकडे वरच्या पातळीवरही घेतली जाऊ लागली आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका उच्च न्यायालयाचा निकाल केवळ त्याचा अर्थच लागत नाही म्हणून रद्द करून परत पाठविला. २०२२ मध्ये एका बँक कर्मचाऱ्याच्या खटल्यात तसाच प्रसंग आला, तेव्हा न्यायालयाने निकालपत्र कसे लिहावे यावरच विस्ताराने लिहिले. परिच्छेदांना क्रमांक द्या, मथळे द्या, दृष्टिहीन वाचकाच्या संगणकाला वाचता येईल अशी प्रत काढा, इथपर्यंत. आयकराचा नवा २०२५ चा कायदा तर १९६१ च्या कायद्याची भाषा सोपी करण्यासाठीच केला गेला. कलमे ८१९ वरून ५३६ वर आली, शब्द सुमारे ५.१२ लाखांवरून २.६० लाखांवर, आणि 'प्रीव्हियस इयर' व 'असेसमेंट इयर' या जोडगोळीच्या जागी एकच 'टॅक्स इयर' आले. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. कर कमी झाला नाही, असे माझे एक सहकारी म्हणतात. ते खरे आहे, पण तो कशावर आहे हे शोधण्यास लागणारी फी थोडी कमी व्हावी.

साध्या लेखनाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतील एक मला वजनदार वाटतो. काही ठिकाणी संदिग्धता हेतुपूर्वक ठेवावी लागते. दोन मंत्रालयांत मतभेद असतील, वाटाघाटी चालू असतील, प्रकरण न्यायप्रविष्ट असेल, तेव्हा दार किंचित उघडे ठेवणारे वाक्य लिहिणे हेही प्रशासनाचे कौशल्य आहे आणि मी ते कमी लेखत नाही. मात्र तेथे संदिग्धता जाणूनबुजून, मोजून ठेवलेली असते. मामींच्या जन्मतारखेबाबत कोणतीही वाटाघाट चालू नव्हती. दुसरा आक्षेप असा की सरळ लिहिले तर उद्धट वाटते. नकार देताना आडवळण घेणे म्हणजे सभ्यता, अशी आपली रीत आहे. माझा अनुभव उलट आहे. 'नाही' हे पहिल्या ओळीत वाचून माणूस रागावतो, पण त्याच दिवशी दुसरा मार्ग शोधू लागतो. तिसऱ्या परिच्छेदात लपविलेले 'नाही' त्याला सहा महिने आशेवर ठेवते.

आता टिपणी हिरव्या कागदावरून पडद्यावर आली आहे. ई-ऑफिसमध्ये तयार शेऱ्यांची यादी असते. 'फॉर परुजल प्लीज' वर बोट ठेवले की फाइल पुढच्या टेबलावर जाते. त्यात आता भर पडली आहे ती यंत्राकडून मसुदा लिहवून घेण्याची. आमच्या एका तरुण अधिकाऱ्याने परवा एका साध्या स्मरणपत्राचा मसुदा असा करून आणला. इंग्रजी निर्दोष होते, विनय भरपूर होता, आणि पत्र दीड पानांचे होते. पूर्वी लांब लिहिण्याला निदान स्टेनोचा वेळ आणि टंकलेखनाचे श्रम एवढा तरी अटकाव होता. आता लिहिणाऱ्याचा खर्च शून्यावर आला आहे आणि वाचणाऱ्याचा तेवढाच आहे, किंबहुना वाढला आहे. मी मसुदा ठेवून घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदातील 'अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅक्शन मे बी इनिशिएटेड' या ओळीसमोर समासात मामांच्या साहेबांचा शब्द लिहिला. तो अधिकारी टिपणी घेऊन गेला. वीस मिनिटांनी फोन करून त्याने विचारले की हे काम प्रादेशिक कार्यालयाने करावयाचे की आपण, कारण २०१९ च्या आदेशात दोघांचीही नावे आहेत. मी आदेश मागवून घेतला आहे.